यशापयशाचा न्याय : पानिपतविषयक वाङ्मयाच्या निमित्तानें

नाशकास रामकुंडाजवळ, गोदावरीच्या पात्राला लागून, नारोशंकराचें देऊळ आहे. तें १७४७ सालीं बांधलें गेलें. त्याच्या तटावर जी मोठी घंटा टांगलेली आहे ती वसईच्या फिरंग्यांकडून आणलेली, असें सांगतात. पूर आला म्हणजे पाणी घंटेपर्यंत चढलें कीं नाहीं हें गांवकरी पाहतात. ती कोठून आली हें फारसें कोणी विचारीत नाहीं. वसई १७३९ च्या मे महिन्यांत पडली. तिच्या तटावर चढतांना हजारों मराठे कामास आले. आणि किल्ला हातीं येत नसेल तर माझें मस्तक तरी तोफेनें आंत उडवा, अशा अर्थाचे उद्गार चिमाजीअप्पांनीं काढल्याची कथा प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक असते. ह्या उद्गारांस आपण शौर्याची परिसीमा म्हणतों. वसई पडली नसती तर त्यांस आपण काय म्हटलें असतें? बहुधा हट्ट, कदाचित् वेड.

ह्या चिमाजीअप्पांचे चिरंजीव सदाशिवरावभाऊ. त्यांनीं १७६० च्या ऑगस्टांत दिल्ली घेतली तेव्हां तेथील बंदोबस्तास ज्यांस ठेविलें ते हें देऊळ बांधणारेच नारोशंकर राजेबहादूर. पानिपतची बातमी पोंचतांच ते दिल्ली सोडून निघाले. देवळापासून नदीच्या वरच्या अंगास गेलें म्हणजे आनंदवल्ली लागते, जेथें रघुनाथरावदादा पुण्याशीं बिनसलें कीं येऊन राहत. तिच्याही पलीकडे गंगापूर आहे. तेथें विश्वासरावांच्या मातोश्री गोपिकाबाई यांनीं आपलें उत्तरायुष्य घालविलें, आणि १७८८ त नाशकासच त्यांचा अंत झाला. सारांश, ज्यास अटकेचें यश मिळालें तो पुरुष, ज्यास पानिपतचें अपयश मिळालें त्याचा सरदार, आणि ज्या बाईवर त्या अपयशाचा एक हिस्सा लादला गेला ती बाई, हीं तिघेंही ह्या नदीच्या कांठच्या एकाच वाटेवर भेटतात. पानिपतच्या वाङ्मयाविषयीं जें आम्हांस म्हणावयाचें आहे त्यास नाशिक हें म्हणून बरें ठिकाण आहे.

आमची तक्रार प्रथम भाषेपासून सुरू होते. मराठींत कोणाचा पुरता मोड झाला म्हणजे त्याचें पानिपत झालें असें म्हणतात. कोणी परदेशीं जाऊन नांव कमावलें म्हणजे त्यानें अटकेपार झेंडा लावला असें म्हणतात. दोन्ही वाक्प्रचार आपण दिवसांतून दहादां वापरतों, आणि ते वापरतांना दोन माणसांचा निवाडा करून मोकळे होतों. एकानें केलें तें सर्व चुकलें, दुसऱ्यानें केलें तें सर्व साधलें. अटकेच्या स्वारीनें राज्याच्या पदरीं काय पडलें, किंवा पानिपतच्या मैदानावर जाण्यापूर्वीं भाऊंपुढें दुसरे कोणते मार्ग होते, ह्याची विचारपूस वाक्प्रचाराला करावयाची नसते. ती टीकाकारानें व इतिहासकारानें करावयाची असते. आणि आमच्या मतें आमचे पुष्कळसे लेखक येथें वाक्प्रचाराचेंच काम करीत आले आहेत.

हा दोष कसा घडतो हें दाखविण्यास पत्त्यांच्या खेळाइतकें सोईचें साधन नाहीं. सोवळे वाचक क्षमा करोत. गोकुळाष्टमीच्या रात्रीं जागरणाच्या निमित्तानें पत्ते कुटण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे, आणि त्या रात्रीं तिर्रट ज्यांच्या घरीं होत नाहीं असे लोकही होते असें म्हणतात. आमच्या पाहण्यांत एका अष्टमीस असें घडलें कीं, एका गृहस्थांच्या हातीं तीन राजे आले. समोर एकच भिडू उरला होता. गृहस्थांनीं जवळचें होतें नव्हतें तें लाविलें, आणि समोरच्यानें तीन एक्के उघडे केले. त्या रात्रीपासून ह्या गृहस्थांचें नांव ‘तीन राजे’ असें पडलें. हव्यासानें माणूस कसा बुडतो ह्याचा दाखला म्हणून वडील मंडळी मुलांपुढें त्यांचेंच उदाहरण ठेवूं लागली. आतां हिशेब पाहा. तीन राजे हातांत असतां उरलेल्या ४९ पानांतून समोरच्यास तीन पानें १८,४२४ प्रकारांनीं येऊं शकतात. त्यांपैकीं तीन राजांवर मात करणारे प्रकार अवघे ४. म्हणजे ज्या चालींत त्यांनीं पैसा घातला तसली चाल साडेचार हजार वेळां खेळली असती तर सरासरीनें एकदां हरण्याची पाळी आली असती. त्यांच्या चालींत चूक नव्हती. होतें तें दुर्दैव. त्याच बैठकींत दुसरे एक महाशय पानें न पाहतांच आंधळी चाल करीत शेवटपर्यंत टिकले, आणि पानें उघडलीं तेव्हां जिंकले. त्यांची छाती केवढी, अशी वाहवा अजून चालू आहे. पहिल्यास हव्यास आणि दुसऱ्यास छाती कोणी दिली? पानांनीं दिली. पण आम्हीं ती त्यांच्या स्वभावांत वाचली.

पोकर नांवाचा जो तिर्रटीचा विलायती भाऊबंद आहे त्यांत मुरलेल्या खेळाडूंस हें चांगलें समजतें. दोन एक्के हातीं घेऊन दोन राजांशीं झुंजणारा शंभरांपैकीं सुमारें अठरा वेळां हरतो. तरी तसा डाव पुन्हां आला तर पुन्हां तसाच खेळावा हें त्यास ठाऊक असतें. ॲनी ड्यूक ह्या अमेरिकन बाईंनीं, ज्या स्वतः पोकरचा व्यवसाय करीत असत, ‘थिंकिंग इन बेट्स’ ह्या २०१८ सालच्या पुस्तकांत ह्या खोडीविषयीं विस्तारानें लिहिलें आहे. खेळाडूंच्या बोलींत तिला ‘रिझल्टिंग’ म्हणतात. आपण तिला फलान्धता म्हणूं. ही केवळ पत्तेबाजांची कल्पना नव्हे. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी ह्या दोन संशोधकांनीं १९८८ त पांच प्रयोगांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत विद्यार्थ्यांस एका हृद्रोग्याची हकीकत दिली होती : शस्त्रक्रिया केली तर आयुष्य वाढण्याचा संभव आहे, पण शंभरांत आठ रोगी तींत दगावतात, वैद्यानें ती करावयाचें ठरविलें. कांहींस सांगितलें कीं रोगी वांचला, कांहींस सांगितलें कीं मेला. ज्यांस वांचल्याचें सांगितलें त्यांनीं वैद्याचा विचार चांगला ठरविला, ज्यांस मेल्याचें सांगितलें त्यांनीं वाईट. वैद्य तोच, माहिती तीच. आणि मौजेची गोष्ट अशी कीं, फळाकडे पाहून असा निवाडा करावा काय असें ज्यांस विचारलें त्यांनीं करूं नये असेंच सांगितलें, आणि तरीही केला.

येथें गीतेचें स्मरण होऊन कोणी म्हणेल कीं, फळाकडे पाहूं नये हें आपल्याकडे फार पूर्वींच सांगून ठेविलें आहे. लोकमान्यांनीं १९१५ त ‘गीतारहस्य’ लिहून तें पुन्हां ठसविलें. मग अमेरिकेकडे कशाला जावें? हा आक्षेप आम्हांस बरोबर वाटत नाहीं. गीतेचा उपदेश करणाऱ्यास आहे. आमचा प्रश्न पाहणाऱ्याचा आहे. शिवाय ह्या आक्षेपांत एक घोटाळा लपलेला आहे. कोणत्याही कृत्यांत तीन गोष्टी वेगळ्या पाहाव्या लागतात : हेतु, विवेक आणि फळ. आमचे लेखक फळावरून निवाडा करणें सोडतात तेव्हां ते बहुधा विवेकाकडे न येतां थेट हेतूकडे धांव घेतात. भाऊ हरले म्हणून ते मूर्ख, हें म्हणणें सोडलें. तर भाऊंचा हेतु उदात्त होता म्हणून ते थोर, हें म्हणणें आलें. पण चांगल्या हेतूनें वाईट हिशेब करतां येतो, आणि लोभी माणसाचा हिशेब अचूक असूं शकतो. पानिपतच्या बाबतींत जें तपासावयाचें तें हेंच कीं, त्या त्या दिवशीं जें ठाऊक होतें व जें ठाऊक करून घेतां आलें असतें त्यावरून जें ठरविलें तें शहाणपणाचें होतें काय?

बखरींस हा प्रश्न पडत नाहीं, आणि त्याबद्दल त्यांस दोषही देतां येत नाहीं. बखर लिहिणारास शेवट ठाऊक असतो. ‘भाऊसाहेबांची बखर’ ही मराठी गद्याचें एक लेणें आहे; तिच्यांतील संवाद, तिच्यांतील रागलोभ, छावणींतल्या माणसांच्या बोलण्याचा तिच्यांतला ठसका ह्यांस तोड नाहीं. पण तिच्या प्रत्येक पानावर पौष शुद्ध अष्टमीची सांवली पडलेली आहे. मल्हारराव व सुरजमल जाट यांनीं दिलेला सल्ला भाऊंनीं झिडकारला, होळकरांच्या धनगरपणाचा उल्लेख केला, वडीलधाऱ्यांचा मान ठेविला नाहीं, असे जे प्रसंग रंगविले जातात ते वाचतांना आम्ही नेहमीं एक खेळ खेळतों. शेवटचीं पानें फाडून टाकावीं, तेथें जय झाला असें कल्पावें, आणि मग तेच प्रसंग पुन्हां वाचावे. उर्मटपणाचा बाणेदारपणा होतो. हेकेखोर पुरुष निश्चयी होतो. विनाशकाळीं बुद्धि विपरीत होते असें आपण म्हणतों खरें, परंतु क्रम उलटा असतो : विनाश आधीं दिसतो, आणि मग बुद्धि विपरीत होती असें ठरतें.

ह्या बाबतींत आमच्या इतिहासलेखनांत खरा पालट वि. का. राजवाडे यांनीं केला. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचा पहिला खंड १८९८ त निघाला. त्यांत १७५० ते १७६१ ह्या काळांतील पत्रें आहेत. पत्राचा मोठा गुण हा कीं, त्याला पुढें काय होणार हें ठाऊक नसतें. ऑक्टोबरांतलें पत्र ऑक्टोबरापुरतेंच शहाणें असतें. पैसा धाडा, नाना घाट बांधून नावा जमवा, शत्रूची रसद मारा, अशा मागण्यांनीं भरलेलीं तीं पत्रें वाचीत गेलें म्हणजे हा पुरुष घमेंडींत डोळे मिटून मैदानावर गेला नव्हता हें उघड होतें. तथापि राजवाड्यांचा स्वभाव असा कीं, एकास सोडविलें तर दुसरा कोणी आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा केल्याशिवाय त्यांस चैन पडत नसे. भाऊ सुटले, मल्हारराव होळकर आणि गोविंदपंत बुंदेले अडकले. गोविंदपंतांनीं रसद व पैसा वेळेवर पोंचविला नाहीं हा त्यांचा आरोप. आणि तो करतांना हा साठीच्या पलीकडला मामलेदार लढवय्या नसतां शत्रूच्या पाठीवर घोडदौड करीत होता, व १७६० च्या डिसेंबरांत त्याच कामांत मारला गेला, ही गोष्ट त्या आरोपाच्या ओझ्याखालीं दबून जाते. त्र्यं. शं. शेजवलकर यांनीं १९४६ त इंग्रजींत व १९६१ त मराठींत जें पुस्तक लिहिलें त्यांत चौकशी एका माणसावरून उचलून राज्याच्या एकंदर धोरणाकडे नेली आहे. आमच्या मतें हाच मार्ग योग्य. परंतु त्या वाटेनें फार पुढें गेलें म्हणजे माणसें दिसेनाशीं होतात व धोरणेंच लढूं लागतात. म्हणून भाऊंच्या एकेका निर्णयाकडेच एकदां सरळ पाहूं.

बायकामुलें व यात्रेकरू बरोबर ठेवणें हा निर्णय घ्या. सुरजमलानें सांगितलें होतें कीं, जड सामान व बायका मागें एखाद्या बळकट किल्ल्यांत ठेवा आणि सड्या स्वारांनिशीं गनिमी काव्यानें लढा. हा सल्ला त्या वेळीं, त्याच तळावर, उघड दिलेला होता. भाऊंस तो कळला नव्हता असें म्हणतां येत नाहीं. तो न ऐकण्यास एक कारण होतें : इब्राहीमखान गारद्याच्या तोफा व कवायती पलटणी ज्या फौजेचा कणा आहेत तिला पळतां घोडा करून लढतां येत नाहीं. पण तोफांसाठीं मैदानी लढाई पत्करावी लागली तरी तिच्याकरितां यात्रेकरू कशाला हवे होते? दिल्ली हातीं आल्यावर तरी हा भार तेथें उतरवितां आला असता. हा निर्णय वाईट होता, आणि पानिपत जिंकलें असतें तरी वाईटच राहिला असता. ह्या शेवटच्या वाक्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधतों. कारण जिंकल्यावरही जो दोष दोषच राहतो तोच खरा दोष.

कुंजपुऱ्याची गोष्ट ह्याच्या उलट दिसते. १७ ऑक्टोबर १७६० रोजीं भाऊंनीं तें ठाणें मारलें; कुत्बशहा व अब्दुस्समदखान हे शत्रूचे मोठे सरदार पडले, आणि उपाशी फौजेला धान्य मिळालें. छावणींत आनंदीआनंद झाला. परंतु त्याच आठवड्यांत अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून मराठ्यांच्या व दिल्लीच्या मध्यें येऊन बसला. मग टीकाकार म्हणतात कीं कुंजपुऱ्यास जाणें हीच घोडचूक. आम्हांस तसें वाटत नाहीं. धान्य हवें होतें, तें तेथें होतें, आणि नदी अद्याप भरलेली असतां कोणी शहाणा सेनापति तींत फौज घालणार नाहीं हा अंदाज अगदीं वाजवी होता. अब्दालीनें घातली, त्याचीं माणसें वाहून गेलीं, तरी तो पार झाला. त्याची चाल आंधळ्या चालीच्या फार जवळ जाते. भाऊंचा दोष कुंजपुऱ्यास जाण्यांत नसून उतारांवर पुरेशी नजर न ठेवण्यांत आहे. नजर ठेवण्यास लागतें तरी काय? दोनचारशें स्वार. ज्या सावधगिरीस खर्च थोडा व जिच्या अभावीं नुकसान फार, ती न घेणें हा हिशेबांतला दोष होय, आणि विजयाच्या गुलालांत तो त्या आठवड्यांत कोणासही दिसला नाहीं.

पानिपतास मोर्चे बांधून अडीच महिने बसणें ह्याची फार निंदा झालेली आहे. पण पहिल्या महिन्यांत उपासमार दोन्ही छावण्यांत होती, आणि कोण आधीं खचतो हें ठरलेलें नव्हतें. डिसेंबरांत आधीं बळवंतराव मेहेंदळे पडले व नंतर गोविंदपंत मारले गेले तेव्हां पारडें फिरलें. तोंवर वाट पाहणें शहाणपणाचें होतें; त्यानंतर तें राहिलें नाहीं. एकच कृत्य नोव्हेंबरांत बरोबर व जानेवारींत चूक असूं शकतें, ही साधी गोष्ट, पण पानिपतवर लिहिणाऱ्यांच्या ध्यानांत ती क्वचितच राहते. आणि १४ जानेवारी १७६१ चा दिवस? अन्न संपलें होतें. गोल बांधून बाहेर पडावें व वाट कापून निघावें ह्याहून दुसरा मार्ग कोणीही अजून सुचविलेला नाहीं. दुपारपर्यंत इब्राहीमखानाच्या गारद्यांनीं रोहिल्यांची फळी कापून काढली होती. खुद्द भाऊंच्या हल्ल्यानें वजीर शहावलीखानाची रांग मोडत आली होती. ह्याच वेळीं विठ्ठल शिवदेव विंचूरकर व दमाजी गायकवाड यांचे स्वार गोल सोडून पुढें धांवले आणि गोलास खिंडार पडलें. विंचूरकरांचें घराणें आमच्याच जिल्ह्यांतलें. म्हणून त्यांची बाजू घ्यावी असा मोह होतो. पण ठरलेला व्यूह मोडणें ही चूकच होती, आणि शत्रु पळाला असता तर आज त्याच धांवेचे पोवाडे झाले असते. मग विश्वासरावांस गोळी लागली. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले. अंबारी रिकामी दिसतांच फौज फुटली, असें सांगतात. पुतण्याच्या शोकानें सेनापतीनें आपली जागा सोडणें क्षम्य असेल, बरोबर नव्हतें. आमचा निवाडा भाऊंस धुवून काढण्याचा नाहीं, हें एवढ्यावरून ध्यानांत यावें.

पण ह्या सर्वांपूर्वीं एक निर्णय झाला, आणि त्याकडे आमच्या लेखकांचें लक्ष फारच थोडें गेलें आहे. ३ फेब्रुवारी १७६० रोजीं उदगीरास निजामाचा मोड झाला. साठ लाखांच्या घरचा मुलूख मिळाला. तोफखान्याचें तेज सर्वांच्या डोळ्यांत भरलें. पुढच्याच महिन्यांत पडतूरच्या तळावर उत्तरेची मोहीम भाऊंच्या हातीं गेली, आणि ती उदगीरच्याच पद्धतीनें लढावयाची असें जणूं आपोआप ठरलें. आतां उदगीरची लढाई कसली होती? रसद पाठीशीं असतां, वेढलेल्या व माघार घेणाऱ्या शत्रूशीं झालेली. एवढ्यावरून पद्धत सिद्ध झाली असें समजणें म्हणजे आंधळी चाल एकदां जिंकली म्हणून पुढच्या डावांत घर लावणें. फलान्धता केवळ बखरकाराच्या लेखणींत नव्हती. ती पेशव्यांच्या मसलतींतच बसलेली होती. भाऊंचा न्याय यशावरून झाला तो पानिपतनंतर नव्हे, पानिपतपूर्वींच झाला.

आतां अटक. रघुनाथरावदादा त्या वेळीं चोवीस वर्षांचेही नव्हते. १७५८ च्या मार्चांत सरहिंद पडलें, एप्रिलांत लाहोर हातीं आलें, मराठ्यांच्या तुकड्या अटकेपर्यंत जाऊन भिडल्या. दादा तेथें कांहीं आठवडे राहिले, वर्षाला ७५ लाखांच्या करारावर पंजाब अदिनाबेगाच्या हवालीं केला, आणि परत फिरले. सप्टेंबरांत अदिनाबेग मेला; पुढल्या वर्षीं अब्दाली आला; १० जानेवारी १७६० रोजीं बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. ह्यावरून दादांची चाल वाईट होती असें म्हणावयास आमची लेखणी सरसावली होती. आणि तेव्हांच आमच्या ध्यानांत आलें कीं, आम्हीही तेंच पाप करीत आहों. अदिनाबेगाचें मरण दादांस कसें ठाऊक असावें? म्हणून तें सोडून द्यावें व १७५८ च्या मे महिन्यांत काय ठाऊक होतें तेवढेंच पाहावें. अदिनाबेग वृद्ध होता, आणि आजवर त्यानें किती धनी बदलले हें सर्वांस माहीत होतें. अब्दालीचा मुलगा तैमूरशहा हरून नव्हे तर हटून गेला होता. बापाचें बळ शाबूत होतें. लाहोर टिकवावयास फौज लागेल, फौजेस पैसा लागेल, आणि ह्या स्वारीनें खजिन्यांत भर घालण्याऐवजीं कर्ज वाढविलें होतें, हें तर दादांच्याच दप्तरांत होतें. शिवाय आदल्या वर्षीं दिल्लींत हातीं सांपडलेला नजीबखान मल्हाररावांच्या भिडेस्तव सोडून दिलेला होता. तेव्हां अदिनाबेग शंभर वर्षें जगला असता तरी हा निर्णय कच्चाच होता, असें आम्ही म्हणूं. झेंडा लागला हें खरें. तो टिकविण्याची तरतूद झेंडा लावणारानें केलेली नव्हती, हेंही तितकेंच खरें.

अलीकडच्या ललित वाङ्मयाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ कादंबरीनें १९८८ त भाऊंस घराघरांत जो मान परत मिळवून दिला तो कोणत्याही इतिहासग्रंथास मिळवून देतां आला नव्हता, आणि तिच्यांतील उपासमारीचें व रणाचें वर्णन सामर्थ्याचें आहे ह्यांत वाद नाहीं. परंतु कादंबरी संपली म्हणजे वाचकाच्या मनांत भाऊंविषयीं कणव उरते, आणि कणव हा न्याय नव्हे. खलनायकाचा हुतात्मा झाला. हिशेब तपासणें राहूनच गेलें. उलट आम्हांस अशी एखादी कादंबरी वाचावयास आवडेल, जींत अटकेहून परतणाऱ्या विजयी फौजेचा कारकून कर्जाचा आंकडा मांडीत बसला आहे.

ह्या आमच्या विवेचनावर एक आक्षेप राहतो, व तो लहान नाहीं. पत्त्यांत पानें मोजलेलीं असतात. डाव हजारदां मांडतां येतो. पानिपत एकदांच झालें. मग निर्णय चांगला होता कीं वाईट हें फळ सोडून कशावरून ठरवावें? शिवाय जो सदा हरतो तो सदाच दुर्दैवी असें मानणें हाही भोळेपणाच. हें आम्हांस मान्य आहे. एका फळाला किंमत थोडी, पण एकाच जातीच्या दहा फळांना पुष्कळ. आणि तसें पाहिलें तर पानिपत एकटें नाहींच. उत्तरेंतील स्वाऱ्यांत पैसा वेळेवर न पोंचणें, सरदारानें परस्पर भीड राखणें, जिंकलेल्या मुलखाची व्यवस्था उसन्या माणसाच्या हातीं देणें, हें दादांच्या स्वारींतही आहे व भाऊंच्या स्वारींतही आहे. १७५८ त तें विजयानें झांकलें, १७६१ त पराजयानें उघडें पडलें. दोन्ही डाव एकाच हिशेबाच्या वहींत लिहिले असते तर दुसरा मांडण्यापूर्वीं कोणीतरी थांबलें असतें. विजय झाला म्हणून पहिल्याची वहीच कोणी उघडली नाहीं. फार तर कर्जाबद्दल घरांतल्या घरांत दोन शब्द झाले.

शेवटीं गंगापूरच्या बाईंकडे येतों. विश्वासरावांस उत्तरेस धाडण्याचा आग्रह गोपिकाबाईंचा होता, कारण यशाचें श्रेय एकट्या भाऊंस मिळूं नये अशी त्यांची इच्छा होती, असें परंपरा सांगते. आणि महत्त्वाकांक्षी आईनें मुलगा घालविला, हें वाक्य पुष्कळांच्या लेखणींतून सहज उतरतें. आग्रह होता असें धरून चालूं. पेशव्यांच्या घरांत वारसास कोंवळ्या वयांत फौजेबरोबर धाडण्याची रीत होती. विश्वासराव १७५७ च्या सिंदखेडच्या मोहिमेवर गेले तेव्हां पंधरा वर्षांचे होते, आणि तेव्हां त्यांच्या आईस कोणी नांवें ठेविलीं नाहींत. पडतूरहून निघाले तेव्हां अठरा वर्षांचे होते. ज्या फौजेनें नुकतेंच उदगीर जिंकलें तिच्याबरोबर राज्याचा वारस असावा असें वाटणें ह्यांत त्या काळच्या कोणा कारभाऱ्यास वावगें दिसलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं. तो मुलगा परत आला असता तर बाई दूरदर्शी ठरली असती. रघुनाथ यादवाची ‘पाणिपतची बखर’ गोपिकाबाईंच्या आज्ञेवरून लिहिली गेली असें मानतात. तसें असेल तर ज्या हकीकतीवरून पुढच्या पिढ्यांनीं त्यांस दोष दिला ती लिहवून घेण्याचें धैर्य त्यांनींच दाखविलें. ह्याच बाईंनीं गंगापूरच्या वास्तव्यांत आपले नातू सवाई माधवराव यांस रोजच्या वागणुकीचीं कलमें लिहून पाठविलीं. बखरी वाचणाऱ्यांनीं तींही एकदां वाचावींत. त्यांत बोलणारी बाई कथेंतल्या बाईहून बरीच निराळी आहे.